मामा, चावी द्या ना!

प्रश्न : नमस्कार भाऊ, मी यावल तालुक्यातला केळीवाला शेतकरी. मागच्या दिवाळीला फॉर्च्युनर घेतली, डिझेल ऑटोमॅटिक. माझी बहीण सुरतला दिलेली आहे, तिचा मुलगा अकरावीत, सोळा संपून सतरावं लागलंय. दर आखाजीला बहीण माहेरी येते तसा तोही येतो आणि आला की माझ्या चावीच्या मागे लागतो. पोरगं हुशार आहे, दाजींच्या जुन्या छोट्या गाडीवर शिकलाय, आमच्या मळ्यात ट्रॅक्टरला ट्रॉली लावून रिव्हर्ससुद्धा घेतो. आता घरात लग्न आहे आणि नवरदेवाची गाडी मीच चालवणार असं त्याने सगळ्यांना सांगूनही टाकलंय. बहीण म्हणते एकच तर भाचा आहे तुला, दाजी म्हणतात आमच्याकडे सगळी पोरं चालवतात. निदान मळ्यापासून गावापर्यंत तरी द्यायला हरकत नाही ना? आणि काही झालंच तर जबाबदारी कोणाची, माझी की त्याच्या बापाची? नाही म्हटलं तर बहीण रुसेल, हो म्हटलं तर बायको.

उत्तर : दादा, वहिनींचं ऐका, चावी देऊ नका.

आधी तुमच्या जबाबदारीच्या प्रश्नाकडे येतो कारण खरी मेख तिथेच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १९९-ए नावाचं कलम आलं, त्यात सरळ लिहिलंय की अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जाईल. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि वर २५,००० रुपये दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि पोराला वयाची २५ वर्षं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही, लर्निंगसुद्धा नाही. म्हणजे 'माझी की त्याच्या बापाची' याचं उत्तर दोघांची मानगूट कायद्याच्या हातात आहे. आणि यातली सगळ्यात बोचरी गोष्ट पुढे आहे. एरवी गुन्हा सरकारला सिद्ध करावा लागतो, इथे कोर्ट आधीच गृहीत धरतं की पोराने गाडी तुमच्या संमतीने नेली. मला माहीतच नव्हतं, किंवा मी पुरेशी काळजी घेतली होती, हे तुम्हाला सिद्ध करायचंय. भाचा चावी मागतोय हे अख्ख्या भावकीला माहीत असताना तुम्ही ते कसं सिद्ध करणार? दाजींनाही सांगा की हा कायदा केंद्राचा आहे, सुरतला एक आणि यावलला दुसरा असं काही नाही.

लोकांना पुण्याच्या कल्याणीनगरच्या केसमधला फक्त तो ३०० शब्दांचा निबंध आठवतो, जो जामीन देताना पोराला लिहायला सांगितला होता. १९ मे २०२४ ची पहाट, दोन तरुण इंजिनिअर मोटरसायकलवर होते ते दोघंही गेले, पोर्शे १७ वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांचं म्हणणं. निबंधावर सगळे हसले नाहीतर चिडले, पण पुढे वेगवेगळ्या आरोपांखाली त्या पोराचे वडील, आई आणि आजोबा तिघांनाही अटक झाली हे कोणी धरूनच चालत नाही.

आता मळ्यापासून गावापर्यंतचं. तुमच्या कंपाउंडच्या आत, केळीच्या बागेत काय करायचं ते करा, पण पाणंद रस्ता असो की शिवरस्ता, जिथे चार लोकांना यायजायचा हक्क आहे ती जागा कायद्याने सार्वजनिकच, डांबर असलं काय नसलं काय. आणि ट्रॅक्टरचं बोललात म्हणून सांगतो, ट्रॅक्टर पण मोटार वाहनच आहे, ट्रॉली घेऊन पोरगं बांधावरून रस्त्यावर आलं की तोच गुन्हा. आपल्याकडे यावर कोणी काही बोलत नाही ही गोष्ट वेगळी.

बरं पोरगं चांगलं चालवतं हे मी मान्यच करतो. ट्रॉली रिव्हर्स घेणं येड्यागबाळ्याचं काम नाही, मलाही नीट जमत नाही. पण तो शिकलाय कशावर ते बघा. जुन्या छोट्या पेट्रोल गाडीला टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ताकद, असतो शंभर एनएमच्या आसपास, तुमच्या ऑटोमॅटिक फॉर्च्युनरला ५००, पॉवर २०४ पीएस, वजन दोन टनाच्या वर. छोट्या गाडीत पाय पूर्ण दाबला तरी ती विचार करून पळते, इथे तेवढाच पाय दाबला की पुढचा ट्रॅक्टर अंगावर आलेला असतो. आणि क्लच! ट्रॅक्टर आणि मॅन्युअलवर शिकलेल्याचा डावा पाय गाडी थांबवताना आपोआप क्लच शोधतो, ऑटोमॅटिकमध्ये तिथे क्लच नाही, ब्रेकचं रुंद पेडल आहे, डावा पाय क्लचसारखाच धाडकन दाबला जातो आणि गाडी जागच्या जागी गचकन थांबते, मागे वऱ्हाडाची बस असेल तर देवच मालक. दुसरं म्हणजे ऑटोमॅटिक ड्राइव्हला टाकून ब्रेक सोडला की एक्सलेटरला हात, म्हणजे पाय, न लावताही ती हळूहळू पुढे सरकते. नवरदेवाच्या गाडीपुढे कोण असतं सांगा, बँडवाले, नाचणारी पोरं, फटाक्याची लड लावणारा कोणीतरी काका. त्यात एवढ्या उंच बॉनेटपुढे चार-पाच वर्षांचं पोर उभं असेल तर सीटवरून दिसतच नाही, जुन्या ड्रायव्हरला पण दिसत नाही, फक्त त्याला ते माहीत असतं म्हणून तो थांबतो.

आणि रस्ता कोणता आहे आपला? अंकलेश्वर-बऱ्हाणपूर. शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर, केळीचे ट्रक याच रस्त्याला आणि लग्नसराईत वऱ्हाडं पण याच रस्त्याला. रात्री हळद आटोपून निघालात की पुढे चाऱ्याची ट्रॉली, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. ताशी १०० ला गाडी सेकंदाला २८ मीटर जाते, ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात ४० मीटर संपले आणि ब्रेक तर अजून लागलेलाच नाही. स्पीड दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. हे सतरा वर्षांच्या पोराला पुस्तकात माहीत असतं, फिजिक्समध्ये मार्क पण असतील, पण मागे चार भाऊबंद बसून 'दाब ना भो' करायला लागले की फिजिक्स डिक्कीत.

इन्शुरन्सचं ऐकून ठेवा. लायसन्स नसलेला माणूस चालवत असेल तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते. समोरचा माणूस गेला तर कोर्ट बऱ्याचदा कंपनीला सांगतं आधी त्याच्या घरच्यांना पैसे द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. मालक तुम्ही. ती रक्कम मेलेल्याच्या वयावर, कमाईवर ठरते, चांगल्या नोकरीवाला तरुण असेल तर केळीचं एखादं वर्ष नाही, जमिनीचा तुकडाच जातो.

नाही कसं म्हणायचं? लग्नाच्या मांडवात, पाहुण्यांसमोर बोलू नका, तिथे पोराचाही अपमान आणि बहिणीचाही. आत्ताच फोन करा, आणि बहिणीला नाही, दाजींना करा. सरळ सांगा, दाजी, केस झाली तर आरोपी तुम्ही आणि मी, आणि पोरगं २५ पर्यंत लायसन्सला मुकणार. बाप ऐकला की बहिणीचा रुसवा मांडे खाईपर्यंत उतरतो. चावी टीव्हीशेजारच्या खिळ्यावरून काढा, बटण स्टार्ट गाडी आहे, चावी घरात कुठेही लोंबकळत असेल तर ती कोणाच्याही खिशात जाते आणि उद्या कोर्टात 'मी काळजी घेतली होती' म्हणायला तोंड राहत नाही. नवरदेवाच्या गाडीसाठी लायसन्सवाला, न पिणारा माणूस आजच ठरवून टाका, न पिणारा हे दोनदा विचारून. भाच्याला गाडी सजवायला द्या, पुढच्या सीटवर बसवा. अठरा पूर्ण झाले की लर्निंगचा फॉर्म परिवहनच्या वेबसाइटवर घरबसल्या भरता येतो, महिन्याभराने पक्क्या लायसन्सची टेस्ट. तोवर एल लावून, शेजारी तुम्ही बसून शिकवा, पण आधी छोट्या गाडीवर, फॉर्च्युनर नंतर.

प्रश्न : पुतण्या १६ चा झालाय, शहाद्याला कॉलेज आहे. सोळाला गाडी चालते म्हणतात, मग माझी ११० सीसीची स्कूटर देऊ का? — एक काकू, नंदुरबार जिल्हा

उत्तर : नका देऊ काकू. सोळाला लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं, आणि तशी गाडी आता शोरूमला शोधून सापडत नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आतली, २५० वॉटपर्यंत मोटर असलेली इलेक्ट्रिक स्कूटर मिळते, तिला लायसन्सही लागत नाही आणि पासिंगही. फक्त दुकानदार 'स्पीड वाढवून देतो' म्हणाला तर तिथून उठा, वाढवली की ती सूट गेली. नाहीतर एसटीचा पास आहेच.

प्रश्न : माझे दीर चार वर्षांच्या मुलीला मांडीवर बसवून स्टेअरिंग धरायला देतात, हळूच चालवतात, व्हिडिओ पण टाकतात. चालतं का? — अमळनेर

उत्तर : अजिबात नाही. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुटते, मोठ्या माणसाच्या छातीतही स्टेअरिंगपासून २५ सेंटीमीटर तरी अंतर पाहिजे म्हणतात आणि इथे मधे तुमची मुलगी आहे. शिवाय १४ वर्षांखालचं मूल बेल्टशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर १,००० रुपये दंड आहे, आणि दीर स्वतःच व्हिडिओ टाकून पुरावा देतायत. तिला स्टेअरिंगच धरायचं असेल तर अंगणात उभ्या, बंद गाडीत बसवा, चावी तुमच्या कमरेला. हॉर्न मात्र ती वाजवणारच, शेजारच्या म्हाताऱ्यांना आधी सांगून ठेवा.