मुलगी जिंकली की लगेच संशय का?

प्रश्न : ताई, माझी लेक साडेदहा वर्षांची आहे, बॉयकट आहे आणि पळते एकदम सुसाट. मागच्या स्पर्धेत ती पहिली आली तर दुसऱ्या एका मुलीचे बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, ही नक्की मुलगीच आहे ना, हल्ली टेस्ट असते म्हणे, करून घ्या. लेक तेव्हा काही बोलली नाही पण आता म्हणते केस वाढवते. खरंच अशी टेस्ट असते का, आणि पुढे तिला द्यावी लागेल का?
– एक आई

उत्तर : आधी त्या बाबांचं बघू. त्यांना मुलीचा दुसरा नंबर पचला नाही, बाकी काही नाही. पुढच्या वेळी असं कोणी बोललं तर आयोजकांना तिथल्या तिथे सांगा, लेकीला उत्तर द्यायला लावू नका.

टेस्ट आहे, ते खोटं नाही. वर्ल्ड ॲथलेटिक्सने (ही ॲथलेटिक्सची जागतिक संघटना) १ सप्टेंबर २०२५ पासून नियम केलाय की जागतिक रँकिंगच्या स्पर्धेत महिला गटात उतरायचं तर एसआरवाय जीनची तपासणी करायची, आयुष्यात एकदाच, गालाच्या आतून स्वॅब घेतात नाहीतर रक्त. हा जीन साधारणपणे वाय क्रोमोसोमवर असतो, आणि वाय सहसा पुरुषांतच असतो. तुमच्या लेकीच्या शाळेच्या स्पर्धेशी ह्या नियमाचा काही संबंध नाही.

आता बायकांचा वेगळा गट मुळात लागतो का, तर लागतो. वयात येईपर्यंत मुलं-मुली पळण्यात फार मागेपुढे नसतात, पण नंतर मुलग्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढतं, त्यासोबत उंची, स्नायू, हिमोग्लोबिन सगळंच वाढतं आणि टॉपच्या लेव्हलला पळण्यात १० ते १२ टक्क्यांचा फरक पडतो. १०० मीटरचा पुरुषांचा रेकॉर्ड ९.५८ सेकंद, बायकांचा १०.४९, ऐकायला सेकंदसुद्धा नाही पण ट्रॅकवर ते आठ-नऊ मीटर होतात. त्यामुळे गट राखीव हवाच असं माझं मत. भांडण आहे ते दारावर कोणाला आणि कसं अडवायचं ह्याचं, आणि तिथे आजवर फार वाईट वागलेत लोक.

स्पेनची हर्डलर मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो घ्या. १९८५ ला कोबेच्या स्पर्धेत टेस्टमध्ये तिचे क्रोमोसोम एक्सवाय, म्हणजे सहसा पुरुषांचे असतात तसे निघाले, तिला स्वतःला तोवर पत्ताच नव्हता. तिच्या शरीरावर टेस्टोस्टेरॉनचा परिणामच होत नव्हता म्हणजे फायदा शून्य, तरी बातमी फुटली, स्कॉलरशिप गेली, रेकॉर्ड पुसले आणि परत परवानगी मिळायला १९८८ उजाडलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकला ३३८७ जणींची टेस्ट झाली, ८ जणींचा रिपोर्ट वेगळा आला, आणि शेवटी आठही जणींना खेळू दिलं! मग १९९९ मध्ये ऑलिम्पिकवाल्यांनी ती सरसकट टेस्टच बंद केली. आताच्या नियमात पातिन्योसारख्या केसला सूट आहे, पण हे सगळं एखाद्या कोवळ्या पोरीला गर्दीत कळू नये, डॉक्टरसमोर, घरच्यांसोबत कळावं. लेक खरंच त्या लेव्हलला पोचली तर एवढं मात्र नीट बघा.

आणि केस तिला आवडत असतील तर वाढवू दे, त्या बाबांसाठी नको.

प्रश्न : आपली धावपटू दुती चंद अशीच केस जिंकली होती ना? मग हे परत कुठून आलं?

उत्तर : जिंकली, पण अर्धवट. २०१४ ला ग्लासगोच्या कॉमनवेल्थच्या तोंडावर टेस्टोस्टेरॉन मर्यादेपेक्षा जास्त म्हणून तिला बाहेर काढलं, २०१५ ला क्रीडा लवादाने तो टेस्टोस्टेरॉनचा नियम स्थगित केला, कारण संघटनेला पुरेसा पुरावाच देता आला नाही. मग २०१८ ला टेस्टोस्टेरॉनचाच नवा नियम आला तो फक्त ४०० मीटर ते एक मैल एवढ्याच शर्यतींना, दुतीच्या १०० आणि २०० त्यातून सुटल्या (त्याच वर्षी एशियाडला दोन सिल्व्हर!) आणि दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्याची ८०० बरोबर अडकली. २०२३ ला तो सगळ्याच शर्यतींना लावला, आणि २०२५ ला वर सांगितलेली जीनची टेस्ट आली. म्हणजे दर दोन-चार वर्षांनी नियम बदलतोय, आणि मुलीची करिअर असते जेमतेम दहा वर्षांची, तिने कुठल्या नियमावर भरवसा ठेवून सराव करायचा?

प्रश्न : मग ट्रान्स मुलींनी (जन्माला मुलगा म्हणून नोंद, पण मुलगी म्हणून जगणाऱ्या) खेळायचंच नाही का? सगळे एकमेकांवर ओरडतात, नीट कोणी सांगत नाही.

उत्तर : पोहण्यात २०२२ पासून आणि ॲथलेटिक्समध्ये २०२३ पासून, पुरुषी वयात येणं ज्यांचं होऊन गेलंय त्यांना आंतरराष्ट्रीय महिला गट बंद आहे. मेडल आणि रेकॉर्डचा प्रश्न असेल तिथे मला हे पटतं, मघाचे आठ-नऊ मीटर आठवा. पण हाच नियम उचलून रविवारच्या हौशी मॅचला किंवा लहान मुलींच्या टीमला लावणं मला अजिबात पटत नाही, तिथे मेडल कोणाचं जातंय? ओपन गट काढा असंही लोक म्हणतात, २०२३ ला बर्लिनमध्ये पोहण्याच्या वर्ल्ड कपला काढला होता, एकही एन्ट्री आली नाही. साहजिक आहे, सगळ्या जगाने टक लावून बघावं म्हणून एकटंच पाण्यात कोण उतरेल?