गुरांची डॉक्टर होणारी लेक उंदरांवर संशोधन करायचं म्हणतेय

सांगली जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बीव्हीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घरच्यांना वाटतं डिग्री झाली की तिने पशुधन विकास अधिकारीची परीक्षा द्यावी, आणि ती म्हणतेय अपघातानंतर नको तिथे हाड वाढतं त्यावर काम करायचंय. वडील विचारतात, "जनावरं बरी करायला शिकवलं, आता ही उंदरांचे पाय मोडणार का? आणि यात पोट भरतं का?"

दादा, दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

आधी ती कशाबद्दल बोलतेय ते बघा. कोपराला मार लागला की आपल्याकडे पोराला हाडवैद्याकडे नेतात, तो जोर लावून मालिश करतो, आणि काही आठवड्यांनी कोपर वाकतच नाही, एक्सरे काढला तर स्नायूत चक्क हाड तयार झालेलं असतं. हेच मोठ्या प्रमाणावर सैनिकांच्यात दिसलं, इराक-अफगाणिस्तानात हातपाय गमावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या एका अभ्यासात 63 टक्के थोटक्या अवयवांत असं हाड आलं होतं, ते आतून टोचतं आणि कृत्रिम पाय नीट बसत नाही. ऑपरेशन करून काढता येतं, पण मुळात वाढूच नये यासाठी सगळ्यांना चालेल असा खात्रीचा उपाय अजून नाही.

तो शोधायचा तर जखम आधी प्राण्यात जशीच्या तशी उभी करावी लागते. 2015 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांचे तीन गट केले. नुसता स्फोटाचा दाब दिलेल्या 9 पैकी एकातही जादा हाड आलं नाही, मांडी चेचून, हाड मोडून मग पाय कापलेल्या 9 पैकी 6 मध्ये आलं, आणि दाब व ती सगळी इजा दोन्ही दिलेल्या 20 च्या 20 मध्ये आलं. म्हणजे स्फोट एकटा काही करत नाही, पण चेचलेल्या पायाच्या जोडीला आला की घात करतो, हे माणसावर प्रयोग करून कळणं शक्यच नव्हतं.

होय, पाय मोडतात. भूल देऊन मोडतात, आणि शेवटी बहुतेक वेळा त्या जनावराला शांतपणे मारावंही लागतं, हे तुमच्यापासून लपवणार नाही. पण म्हणूनच तिथे तुमच्या लेकीसारखं माणूस पाहिजे. एकच गोष्ट सांगते, इंडोमेथासिनसारखी वेदनाशामकं हे जादा हाड वाढणंच रोखतात, मग उंदराला वेदना होऊ नयेत म्हणून त्याच जातीचं औषध दिलं तर सगळा प्रयोग बिघडतो, आणि काहीच न देणं तर क्रूरपणा. दुसरं कुठलं औषध, किती, कधी, आणि कोपऱ्यात गप्प बसलेला उंदीर दुखण्याने बसलाय का हे ओळखणं, हे पशुवैद्याला जसं जमतं तसं नुसत्या बायोलॉजीवाल्याला सहसा जमत नाही. तिची डिग्री वाया जात नाही, उलट इथे ती कामाला येते.

पोटाचं बोलू. आपल्याकडे असे प्रयोग करणाऱ्या संस्थेला सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या समितीकडे, नोंदणी लागते आणि तिथल्या प्राणी एथिक्स कमिटीत पशुवैद्य असावाच लागतो, त्यामुळे संशोधन संस्था, औषध कंपन्यांच्या लॅब, अ‍ॅनिमल हाऊस (प्रयोगाची जनावरं ठेवतात ती जागा) इथे या डिग्रीला मागणी राहते. पीएचडीत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 आणि वर घरभाडं. श्रीमंती नाही, पण पोरगी तुमच्यावर अवलंबून राहणार नाही.

माझं स्पष्ट मत, थेट पीएचडीच्या मागे धावू नये. आधी एमव्हीएस्सी, म्हणजे याच विषयातली पुढची डिग्री, सर्जरी किंवा पॅथॉलॉजीत, दोन वर्षं. हाडाचा मायक्रोस्कोपखालचा तुकडा वाचता आला तर लॅबमध्ये तिला किंमत येईल. मग हाडांवर काम करणाऱ्या जागा बघाव्यात, लखनौचं सीडीआरआय ही औषध संशोधन संस्था आहे, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा ही वैद्यकीय संशोधन संस्था आहे.

आणि अधिकारीची परीक्षा? द्यायला हरकत नाही, पण तिच्या मनाविरुद्ध नको. त्याआधी इंटर्नशिपच्या वर्षात परवानगी काढून तिने एखाद्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये काही आठवडे काम करावं, पिंजरे साफ करण्यापासून ते शेवटचं इंजेक्शन देण्यापर्यंत सगळं बघावं. हे झेपतंय का ते तिला तिथेच कळेल. नाही झेपलं तर दवाखाना आहेच, आणि झेपलं तर दादा, तुम्ही आडवे येऊ नका.