हृदयाची स्नायुपेशी लवचीक म्हणायची की स्थितिस्थापक?

प्रश्न वेंगुर्ल्याच्या एका ताईंचा आहे. त्यांच्याकडे हृदयविकाराबद्दल माहिती देणारं शिबिर होणार आहे, त्याचं मराठी पत्रक त्या तयार करतायत, आणि हाताशी असलेल्या इंग्रजी मजकुरात इलॅस्टिसिटी, कम्प्लायन्स, स्टिफनेस, रिलॅक्सेशन असे चार शब्द हृदयाच्या स्नायुपेशीबद्दल आलेत. कुणीतरी सुचवलं की सगळीकडे 'लवचिकता' टाका, लोकांना तेवढं पुरतं. ताई विचारतायत, चालेल का?

माझ्या मते नाही चालणार, कारण या चारातले दोन शब्द हृदयाच्या बाबतीत चक्क उलट दिशेला ओढतात.

आधी लवचीक घेऊ. हा 'लवणे'च्या घरातला शब्द. वाऱ्याने पोफळ लवते, डोळ्याचं पातं लवतं. जोर लावला की सहज वाकतं ते लवचीक, पण जोर काढल्यावर ते परत पूर्वीसारखं होतं का, हे हा शब्द सांगत नाही. शिशाची तारसुद्धा पटकन वाकते, आणि वाकलेलीच राहते. तेव्हा लवचिकता हा कम्प्लायन्सला बरोबर बसतो, म्हणजे थोड्याशा दाबात हृदयाचा कप्पा किती रक्त सामावून घेतो ते.

परत येण्याचा गुण, म्हणजे इलॅस्टिसिटी, ती स्थितिस्थापकता. हा शब्द शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकासाठी पाडलेला असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तो खूप जुना आहे हो. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, संस्कार नावाच्या गुणाचे तीन प्रकार सांगतात, वेग, भावना आणि स्थितिस्थापक, आणि अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रह या ग्रंथात स्थितिस्थापकाची व्याख्याच अशी आहे की बदललेल्या वस्तूला परत आधीच्या अवस्थेत आणतो तो, उदाहरण दिलंय चटईचं. उच्चारायला जड आहे खरा, पण इतका नेमका शब्द आपल्याकडे तयार असताना तो टाकून द्यायचा म्हणजे मला जिवावर येतं.

आता पेशीत काय चालतं ते बघा, म्हणजे मी एवढा का अडून बसलोय ते कळेल. हृदयाच्या खालच्या कप्प्यातली एक स्नायुपेशी साधारण १०० ते १५० मायक्रॉन लांब असते, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग किंवा थोडी जास्त. तिच्यात सुमारे २ मायक्रॉनचे सार्कोमिअर नावाचे तुकडे एकापुढे एक लागलेले असतात, आखडण्याचं काम तेच करतात. या प्रत्येक तुकड्याच्या कडेपासून मध्यापर्यंत टायटिन नावाचं प्रथिन ताणून बसवलेलं असतं, माणसाच्या शरीरातल्या प्रथिनांत सगळ्यात मोठं, ३४,०००च्या वर अमिनो आम्लांची साखळी. सार्कोमिअर ताणला की टायटिन त्याला आत ओढतं, हे कुणालाही पटेल, पण गंमत पुढे आहे, हृदय आकुंचन पावताना सार्कोमिअर आपल्या मूळ लांबीपेक्षाही आखूड होतो आणि तेव्हा हेच टायटिन त्याला बाहेर ढकलतं, पेशी परत लांब होते आणि कप्पा भरायच्या सुरुवातीला रक्त चक्क ओढून घेतलं जातं. दोन्ही बाजूंनी मूळ जागी आणणं! याला नुसतं लवचीक म्हटलं तर अर्धी गोष्ट सांगायचीच राहते.

आणि इथंच उलटापालट होते. टायटिन जितकं ताठर तितका त्याचा परत ओढायचा-ढकलायचा जोर जास्त, पण तितकीच पेशी ताणायला अवघड, म्हणजे स्थितिस्थापक जोर वाढला आणि लवचिकता कमी झाली. पत्रकात दोन्हीला एकच शब्द टाकला तर वाचणाऱ्याला काय वाढलं नि काय कमी झालं याचा पत्ता लागणार नाही.

स्टिफनेसला ताठरपणा लिहा, सरळ आहे. बोलीत सांगायचं तर मला 'निबर' फार आवडतो. भेंडी निबर होते, तवसं निबर होतं, हे आपल्याकडे कुणाला समजावावं लागत नाही, आणि हृदयाला तो बसतोही छान कारण गर्भातल्या हृदयात टायटिनचा लांब, सहज ताणला जाणारा प्रकार जास्त असतो आणि जन्मानंतर त्याची जागा बरीचशी आखूड, ताठर प्रकार घेतो. म्हणजे कोवळेपण जाऊन थोडं निबर होणं हे निरोगी हृदयातही होतंच. आजारातलं निबरपण वेगळं, तिथं बऱ्याचदा पेशींच्या बाहेर कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे वाढतात आणि सगळी भिंतच घट्ट होते. पेशी ताठर आणि भिंत ताठर या दोन गोष्टी पत्रकात वेगळ्या ठेवा एवढं मात्र नक्की.

सगळ्यात जास्त घोळ रिलॅक्सेशनचा. टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला की रिपोर्टमध्ये 'इम्पेअर्ड रिलॅक्सेशन' असं येतं, आणि घरी येऊन सांगतात की हृदय कडक झालं. तसं नाही. आखडताना पेशीत कॅल्शियम मोकळं होतं, सैल पडायचं तर ते पंपाने परत साठ्यात ओढून घ्यावं लागतं आणि त्या पंपाला एटीपी म्हणजे ऊर्जा लागते. सैल पडणं हेसुद्धा कामच आहे. मिनिटाला ७२ ठोके धरले तर एका ठोक्यात त्यासाठी आणि भरण्यासाठी मिळून अर्धा सेकंद मिळतो, त्यात आखडलेल्या पेशीची पकड सुटायला उशीर झाला तर ते इम्पेअर्ड रिलॅक्सेशन. मी त्याला 'सैलावायला उशीर' म्हणेन, औपचारिक हवं तर शिथिलन मंदावणे. आपण शाळेपासून आकुंचन-प्रसरण म्हणत आलोय, पण त्या प्रसरणात आधी सैलावणं आणि मग भरणं असे दोन टप्पे दडलेत ते दिसतच नाहीत, म्हणून पत्रकात मी प्रसरण टाळेन.

तर ताई, तुमचं वाक्य असं करता येईल: 'हृदयाची स्नायुपेशी स्थितिस्थापक असते, म्हणजे ताणली किंवा आखडली तरी परत मूळ लांबीवर येते, ती सैलावायला उशीर झाला किंवा हृदयाची भिंत ताठर झाली, तर हृदय नीट भरत नाही.' पहिल्यांदा स्थितिस्थापक आला की अर्थ लगेच पुढे द्यायचा, मग तो शब्द कुणाला जड जात नाही.

छापायला देण्याआधी शुद्धलेखन बघा: लवचीक दीर्घ पण लवचिकता ऱ्हस्व, स्थिती एकटी असताना दीर्घ पण स्थितिस्थापक ऱ्हस्व, आणि स्नायू दीर्घ पण स्नायुपेशी ऱ्हस्व. टाइप करणाऱ्याकडून हमखास हीच तीन सुटतात.