अफगाण राजांनी इंग्रजांना कसं हरवलं? आपल्या राजांना ते का जमलं नाही?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. हेच वाक्य आमचे दाजी गेली पंधरा वर्षं घरातल्या प्रत्येक लग्नकार्यात ऐकवत आलेत.

मुळात राजांनी हरवलंच नाही. १८३९ साली इंग्रजांनी काबूलच्या गादीवर बसवलेला शाह शुजा हा पानिपतवाल्या अब्दालीचा नातू. लुधियान्यात इंग्रजांच्या पेन्शनवर दिवस काढत होता. ज्याला हटवलं तो दोस्त मोहम्मद पुढच्याच वर्षी आपणहून शरण आला. उठल्या त्या टोळ्या. खिंडी राखणाऱ्या घिलझाईंचा तनखा इंग्रजांनी कापला आणि वणवा पेटला. दोस्त मोहम्मदचा मुलगा अकबर खान पुढे झाला तो नंतर.

एकदा दाजींना घेऊन कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये गेलो होतो. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांचं ते स्मारक. आत संगमरवरी पाट्यांवर गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं ओळीने कोरलीत. त्याखाली मजकूर आहे, की बाकीचे शिपाई इतके होते की त्यांची नावं नोंदवणं शक्य नाही. मी तो दोनदा वाचला. दाजी म्हणाले, "इंग्रजांचं थडगं ते, आपला काय संबंध?" आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

संबंध आहे दाजी! जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून बर्फातून निघालेल्या साडेचार हजार सैनिकांत गोरे सातशेच्या आसपास. उरलेले हिंदुस्थानी, आणि वर बारा हजार बाजारबुणगे, बायकापोरांसकट. वाटेत जवळजवळ ती सगळी फौज संपली. सगळ्यांना आठवतो तो घोड्यावरून जलालाबादला पोचलेला इंग्रजांचा डॉक्टर ब्रायडन. हातपाय बर्फाने झडलेले शिपाई नंतर काबूलच्या रस्त्यांवर भीक मागत होते, ते कुणाला आठवत नाहीत. ते बंगाल आर्मीचे होते हे मान्य. पण दुसऱ्या अफगाण युद्धात, २७ जुलै १८८० ला, कंदाहारजवळच्या मैवंदला दोस्त मोहम्मदचा नातू अयूब खान याने जी फौज झोपवली ती आपल्या मुंबई इलाख्याची होती: बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्ज रायफल्स, बॉम्बे सॅपर्स. अडीच हजारांतले जवळपास हजार गेले. जे उरले ते तहानेने व्याकूळ होऊन रात्रभर कंदाहारकडे चालत होते. अफगाणांचा विजय म्हणून टाळ्या वाजवताना समोर कोण मेलं तेही सांगा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि तो जिंकलेला अयूब खान? सव्वा महिन्यात इंग्रज सेनापती रॉबर्ट्सने त्याला कंदाहारबाहेर हरवलं. पुढे तो इंग्रजांच्याच आश्रयाला आला आणि १९१४ साली लाहोरला वारला. काबूलच्या गादीवर आला अब्दुर रहमान, परराष्ट्र धोरण इंग्रजांच्या हाती देऊन. दोस्त मोहम्मदने तर १८५७ च्या जानेवारीत इंग्रजांकडून महिना लाख रुपये घ्यायचा करार केला आणि आपल्याकडे बंड झालं तेव्हा गप्प बसला. त्यामुळे "आपल्या राजांना का जमलं नाही" ही तुलनाच मला पटत नाही.

काबूलचा अमीर अमानुल्ला मात्र वेगळा. १९१९ साली त्याने स्वतः युद्ध सुरू केलं, रणात फार काही मिळवलं नाही, तरी ऑगस्टमध्ये रावळपिंडीच्या तहात परराष्ट्र व्यवहार सोडवून घेतले. तुम्हाला राजाचंच उदाहरण हवं असेल तर हे घ्या.

कुलाब्याला गेलात तर चर्चच्या आत जा आणि त्या पाट्यांचा खालचा मजकूर वाचा. दाजींनी तो अजून वाचलेला नाही.