कॅप निघते तेव्हा दोष कॅपचाच असतो असे नाही

तुम्ही लिहिले आहे की दाढेवरची कॅप पुन्हा सैल झाली, आतला दात मऊ झाल्याचे तुम्हाला सांगण्यात आले आणि ‘ब्रश नीट करत नाही’ असा ठपकाही तुमच्यावरच आला. त्याच प्रश्नात जाता जाता असेही म्हटले आहे की तोंड कोरडे पडून रात्री जाग येते आणि उशाशी पाणी ठेवावे लागते. माझ्या मते उत्तर या दुसऱ्या वाक्यात आहे. मी डॉक्टर नाही, केवळ हाच त्रास बराच काळ भोगलेली रुग्ण आहे. त्यामुळे पुढचे सगळे त्या मर्यादेत वाचावे.

कॅपला कीड लागत नाही, मग ती पोर्सिलेनची असो, धातूची असो की झिरकोनियाची. किडतो तो तिच्या कडेखालचा दात. ही कड बहुधा हिरडीलगत येते आणि तिथे पुष्कळदा एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण कवच, नसतेच; उघडे डेंटिन, म्हणजे त्या कवचाखालचा मऊ थर, किंवा मुळाचा भाग असतो. एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि ते साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते (पीएच म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र). डेंटिन मात्र ६.२ ते ६.७ च्या आसपासच हार मानते. म्हणजे ज्या सौम्य आम्लातून बाकीचे दात सहीसलामत निभावतात, त्याच आम्लात कॅपची कड आतून पोखरली जाते. गोड काही खाल्ले की काही मिनिटांतच दातावरच्या थरातला पीएच उतरतो आणि तो पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. हे काम लाळ करते. तिच्यातले बायकार्बोनेट आम्ल शमवते, तर कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताची झीज काही अंशी भरून काढतात. दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, पण झोपेत ती जवळजवळ थांबते. ज्याची लाळ जागेपणीच कमी आहे, त्याच्या तोंडात रात्री काय होत असेल याचा विचार करा.

आता माझा राग. मी ज्या दवाखान्यात जात होते, तिथे पहिल्याच भेटीत एक अर्ज भरून घेतला होता. ‘नियमित औषधे’ या रकान्यात मी ॲलर्जीच्या आणि नैराश्यावरच्या गोळीचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिले होते. या दोन्ही प्रकारच्या औषधांनी लाळ कमी होऊ शकते, हे दंतवैद्यकात कोणाला नवीन नाही. तो अर्ज प्रत्येक भेटीत पारदर्शक फायलीत माझ्या कोपराशेजारी ठेवलेला असे आणि तो कोणीही उघडून पाहिला नाही. दर वेळी नवी कॅप, दर वेळी किडका भाग काढताना आणखी थोडा दात खर्ची आणि दर वेळी ब्रशवर तेच प्रवचन. दाढेचे रूट कॅनाल झालेले असल्यामुळे ती दुखून इशाराही देत नव्हती, आणि धातूच्या कॅपआड काय चालले आहे ते एक्स-रेत नीट दिसत नाही. शेवटी कॅपला धरायला दातच उरला नाही आणि दाढ काढावी लागली.

त्यातच मजबुतीसाठी म्हणून तिथे वरचेवर फ्लोराइडचे जे जेल लावत, ते आम्लधर्मी होते. अशा जेलने पोर्सिलेनचा चकचकीत थर खरवडला जातो. माझ्या पुढच्या कॅपची झळाळी गेली आणि जिभेला ती बारीक सँडपेपरसारखी लागू लागली. आम्ल नसलेले सोडियम फ्लोराइडचे जेल मिळते, ते अशा वेळी मागून घ्यावे. कॅप नेमकी कशाची आहे आणि कोणत्या सिमेंटने बसवली आहे असे मी विचारले, तेव्हा ‘चांगल्यातली आहे’ एवढेच उत्तर मिळाले. या उत्तराचा संताप मला आजही येतो, कारण पुढच्या डॉक्टरांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

त्या डॉक्टरांनी मात्र आधी लाळ मोजली. मोजमापाच्या खुणा असलेली एक नळी हातात दिली, घड्याळ लावले आणि काहीही न चघळता त्यात लाळ जमा करायला सांगितली. मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी भरली तर ती फारच कमी समजतात. नवी कॅप बसवण्याआधी तुम्ही ही तपासणी मागाच, असे मी जवळजवळ हट्टाने सांगेन. औषध चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी लिहून दिले त्यांनाच पर्याय किंवा वेगळी मात्रा विचारा. डोळेही कोरडे पडत असतील तर तेही सांगा, कारण त्यामागे शोग्रेन सिंड्रोमसारखा आजार असू शकतो, ज्यात शरीर स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करते.

तोंड ओले राहावे म्हणून आंबट गोळ्या चघळू नका. लाळ सुटते खरी, पण आम्लही तिथेच साचते. त्यापेक्षा साखरविरहित च्युइंग गम बरा. रात्री पित्त घशाशी येत असेल तर ते वेगळे संकट समजा, कारण जठरातल्या आम्लाचा पीएच १ ते २ असतो आणि त्यापुढे एनॅमलचाही टिकाव लागत नाही. अशा वेळी लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास थांबावे. नेहमीच्या टूथपेस्टमध्ये १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असते. मला डॉक्टरांनी ५००० पीपीएमची लिहून दिली आहे. ती लावल्यावर मी फक्त थुंकते, चूळ भरत नाही. कॅपच्या कडेसाठी दातांच्या फटीत जाणारा छोटा ब्रश वापरते.

एक सूचना, थोडी बाजूची. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तेही सांगून ठेवा. नवी कॅप उंच लागते म्हणून ती घासली, तर तो खडबडीत भाग तिथेच पॉलिश करून घ्या. नाहीतर समोरच्या दाताचे एनॅमल तीच झिजवते. आणि खुर्चीवरून उठण्यापूर्वी कॅपचे साहित्य आणि सिमेंटचा प्रकार कागदावर लिहून घ्या.