उथळ भूकंप म्हणजे हलका भूकंप का?

निपाणीच्या एका सरांनी दोन गोष्टी विचारल्यात. बातमीत 'उथळ भूकंप' आलं की वर्गातली पोरं म्हणतात, 'उथळच हाय न्हवं, मग काय होतंय?' त्यांना काय सांगायचं? आणि मोठ्या भूकंपामागून येणाऱ्या लहान धक्क्यांना, म्हणजे 'आफ्टरशॉक'ला, मराठीत काय लिहायचं?

सर, पहिल्याचं उत्तर आपल्या म्हणीतच आहे: उथळ पाण्याला खळखळाट फार. माणसाला उथळ म्हटलं की आपण त्याला मोजीत नाही, पण इथं उथळ ही नुसती खोली आहे. खडक जिथं सरकतो ती नाभी जमिनीखाली ७० किलोमीटरच्या आत असली की भूकंप उथळ. कोयनेचे बहुतेक धक्के तर साधारण १० किलोमीटरच्या आतले. लाटांना विरायला वाटच मिळत नाही. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ६.२ चा, म्हणजे जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हे. पण उथळ, आणि वर दगडमातीची घरं.

दुसरं जरा अवघड. 'अनुकंप' म्हटलं की मला अनुकंपा तत्त्वावरची नोकरीच आठवते. 'उत्तरकंप' बनावटीनं चोख, उत्तररात्र-उत्तरार्धाच्या घराण्यातला. पण मथळ्यात वाचणाऱ्याला आधी उत्तर दिशा दिसते. 'पश्चात्कंप'मधला पाय मोडलेला त छपाईत टिकला तर नशीब. मी सरळ 'नंतरचे धक्के' लिहितो. 'नंतर' कानडीतही आहे, त्यामुळं चिकोडी-हुक्केरीत शेजाऱ्यालाही अडत नाही.

शिवाय 'नंतर' हेच यातलं मर्म. ओमोरी या जपानी शास्त्रज्ञानं १८९४ मध्ये नोंदी मांडून दाखवलं, की हे धक्के दिवसांच्या व्यस्त प्रमाणात कमी होतात: पहिल्या दिवशी शंभर, तर दहाव्या दिवशी साधारण दहा. उथळ भूकंपामागं ही रांग लांब असते, फार खोल भूकंपामागं बहुधा तुरळक.

एक मेख मात्र आहे. 'मुख्य' धक्का कुठला हे त्या वेळी कळत नाही. नोंदी बघून सगळ्यांत मोठ्याला मागाहून ते नाव मिळतं. सप्टेंबर १९६७ मध्ये कोयनेत ५ च्या वरचा धक्का बसला, तेव्हा लोकांच्या लेखी तोच मोठा भूकंप. ११ डिसेंबरच्या पहाटे ६.३ चा आला आणि सप्टेंबरच्या धक्क्याचं नाव कागदावर 'पूर्वधक्का' झालं.