बुरशी आली म्हणून बूट टाकू नका

प्रश्न : लग्नात साडेसात हजारांचे तपकिरी चामड्याचे बूट घेतले होते. पावसाळाभर डब्यात होते. परवा उघडले तर सगळीकडे पांढरी बुरशी! कडक उन्हात ठेवू, की टाकूनच देऊ? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : टाकू नका, आणि कडक ऊन तर नकोच. वडिलांचे भिजलेले बूट मी एकदा शेगडीशेजारी वाळत ठेवले होते. बोटांपाशी चामडं दुमडतं ना, नेमकी तिथे आडवी चीर गेली, ती कायमची. अजून हळहळ वाटते.

बूट गॅलरीत न्या. घरात झटकलंत तर बुरशीचे कण पसरतील. नाड्या काढा, कोरड्या फडक्याने पुसा, शिवणीतली बुरशी जुन्या टूथब्रशने काढा. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन फडकं जेमतेम ओलं करून फिरवा. आधी टाचेच्या आतल्या बाजूला लावून रंग उतरत नाही ना, ते बघा. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दोन दिवस पंख्याखाली ठेवा. बोळे दमट झाले की बदला.

सुकलेलं चामडं हाताला रखरखीत लागेल. वाटाण्याएवढं लेदर कंडिशनर बोटाने चोळा, रात्रभर मुरू द्या, सकाळी क्रीम पॉलिश. खोबरेल लावू नका, डाग पडतात.

पुढच्या पावसाळ्यात डबा बाद. सुती पिशवीत, हवेशीर फळीवर ठेवा आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून बघा. घालायला लागलात की एक दिवसाआड घाला. घामाची ओल सुकायला तेवढा वेळ लागतोच.